हळद-कुंकू लावलेल्या मेणबत्त्या

माझी मुलगी पुन्हा आत गेली.

आम्ही तिघी रस्त्यावर होतो. मी, चुडीवाली आणि मूर्तीवाली. दुकानातून काळा धूर निघत होता, आत पुठ्ठ्याची खोकी पेटली होती. मुलगी आमच्या मागोमाग बाहेर आली होती. पण उंबऱ्यावर थांबली, "सिलिंडर चालूच राहिलं," म्हणाली आणि वळली. मी तिची ओढणी धरली. ओढणी माझ्या हातात आली आणि ती धुरात दिसेनाशी झाली.

लोक सांगतात मी फार ओरडले. मी ओरडले नाही. ओरडत होती ती मूर्तीवाली. मी ओढणी धरून उभी होते. आत भांडं पडल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली. उजव्या हाताची बाही पेटली होती आणि केसांची एक बाजू आखडून गेली होती. चुडीवालीनं मूर्तीवाल्यांच्या अंगणातून मातीच्या ढिगावरचं ओलं पोतं ओढून आणलं आणि तिच्या हाताला गुंडाळलं. पोत्यातून वाफ निघाली.

"बंद केलं," मुलगी म्हणाली. सिलिंडरचं सांगत होती. मग ती खाली बसली.

हे झालं मेणबत्त्यांच्या खोलीच्या उद्घाटनाच्या दिवशी. पेढे वाटून तास-दोन तासही झाले नसतील.

वाशिममधली आमची गल्ली कारागिरांची. एका टोकाला मूर्तीवाले, ते गणपती, गौरी, शारदा करतात. मध्ये पाट्या रंगवणारा. आता तो फ्लेक्स छापतो, पण शटरवर हातानं नाव काढायचं असलं की अजून त्यालाच बोलावतात. दुसऱ्या टोकाला लाखेच्या चुड्या करणारं घर, आणि त्यांच्या शेजारी बँडवाले. लग्नसराई नसली की ते दुपारचे वाजवत बसतात आणि डोकं उठवतात. मूर्तीवाल्यांच्या समोर आमचं शिलाईचं दुकान. माझा नवरा बायकांचे झंपर शिवायचा. तो गेला तेव्हा मी शटर खाली ओढलं, ते तसंच राहिलं.

अलीकडे गल्लीतल्या पोरांनी भिंतींवर चित्रं काढली. जुन्या गोदामात चित्रांचा क्लास निघाला. अकोल्याहून, अमरावतीहून पोरंपोरी येतात आणि भिंतीला टेकून फोटो काढतात. मुलगी म्हणाली, "आई, आपली गल्ली आता कलाकारांची वस्ती झाली."

मी म्हटलं, "नाली तर तशीच तुंबून राह्यली."

मुलगी बरीच वर्षं पुण्यात होती. लग्न झालं आणि मोडलं. मूलबाळ नाही. नोकरी होती, कंपनीनं माणसं कमी केली त्यात तीही गेली. दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, थोडे दिवस राहते. मी माळ्यावरून परात खाली काढली. एकट्या माणसाची कणीक ताटलीतही भिजते, त्याला परात लागत नाही. एवढी वर्षं ती परात माळ्यावरच होती.

मला तिला ठेवून घ्यायचं होतं. दुसरं काही नाही. तिनं पिठाची गिरणी काढली असती, पार्लर काढलं असतं, मला सारखंच होतं. तिनं मेणबत्त्या काढल्या.

"मेनबत्त्या इकशीन?" मी विचारलं.

"विकणार नाही गं. लोक येतील, बसतील, आपापली मेणबत्ती स्वतः करतील. दोन घटका बोलतील आणि घेऊन जातील."

"म्हंजे काम बी त्यायनंच करायचं अन पैसे बी त्यायनंच द्यायचे?"

"हो."

"मंग येतीन. लोकायले असंच लागते."

मूर्तीवाली तेव्हा आमच्याच ओट्यावर बसली होती. बाई मनानं चांगली, पण आवाज असा की चार घरं पलीकडचा माणूसही तिला उत्तर देतो. ती म्हणाली, "घरोघरी इनव्हर्टर हाय. आता कोन लावते वं मेनबत्ती?"

चुडीवाली म्हणाली, "मेनबत्तीचं जाऊ दे. बसायले जागा तर हुईन. घरात घडीभर टेकलं का सून म्हनते, उठा अम्मी, झाडू मारायचा हाय."

चुडीवाली माझ्या वयाची. सासूच्या हाताखाली लाख तापवायला शिकली. मला ती भाबी म्हणते. माझ्या नवऱ्याला भाईजान म्हणायची आणि झंपर बिघडला की भाईजानला गल्लीच्या मधोमध उभा करायची.

मेण खोक्यातून आलं. पांढरं, किसलेल्या खोबऱ्यासारखं. मी चिमूट घेऊन हुंगलं. कसलाच वास नव्हता.

"सोयाबीनचं आहे," मुलगी म्हणाली.

आमच्याकडे ज्याच्या त्याच्या वावरात सोयाबीन. मार्केटात पोत्यांवर पोती पडलेली असतात. ते कुठे जातं, त्याचं काय होतं, मी कधी विचार केला नव्हता. "कोठून मागोलं?" मी विचारलं.

"पुण्याहून."

"इथून गेलं अन पुन्यातून वापस आलं. तुयासारखंच हाय."

ती हसली. हसली की तिचे ओठ बापासारखे एका बाजूला जातात.

दुकान उघडलं. कापड बेतायचं लांब टेबल होतं तिथेच ठेवलं, लोकांना भोवती बसायला बरं. शिलाईची मशीन घरात आणली. नवऱ्याचा टेबलफॅन होता, तो पुसून फळीवर ठेवला. त्याचं बटण बिघडलेलं, ते एकदा दाबलं की दाबलेलंच राहायचं. बोर्डावरूनच चालू-बंद करावा लागायचा. नाव काय द्यायचं यावर गल्लीत भांडण झालं. मुलीला इंग्रजी नाव पाहिजे होतं, मूर्तीवालीला देवीचं. शेवटी पाटीवाल्यानं शटरवर नुसती एक मेणबत्ती काढली आणि तिच्याभोवती बसलेल्या बाया काढल्या. त्यातली एक बाई मी आहे असं सगळे म्हणतात. मी तेवढी जाड नाही.

उद्घाटनाला गल्ली लोटली. रिबीन कापली, बँडवाल्यांनी फुकट वाजवलं. मुलीनं सगळ्यांना करून दाखवलं. पाण्याच्या पातेल्यात मेणाचं भांडं ठेवायचं, मेण वितळलं की वास मिसळायचा, वात मधोमध धरून काचेच्या ग्लासात ओतायचं. आदल्या दिवशी ओतून ठेवलेल्या मेणबत्त्या तिनं मांडल्या होत्या. "थंड झाली की एकदा लावून बघायची," ती म्हणाली, "ज्योत सरळ राहते का ते बघायचं आणि फुंकर मारून विझवायची."

तेवढ्यात लाइन गेली. सगळे हसले. बँडवाल्यांचा म्हातारा म्हणाला, "घ्या, मुहूर्त लागला." मुलीनं मांडलेल्या सगळ्या मेणबत्त्या पेटवल्या. दिवसाउजेडी लावलेल्या, पण खोली आतून अंधारीच, त्यामुळे चांगल्या दिसत होत्या.

आणि मूर्तीवाली हळदी-कुंकवाचं ताट घेऊन पुढे झाली. नवीन मोटरसायकल असो, मिक्सर असो, ती हळद-कुंकू लावल्याशिवाय राहत नाही. तिनं प्रत्येक मेणबत्तीच्या ग्लासाला बोट लावलं आणि हात जोडले. बाकीच्या बायांनीही जोडले. मीही जोडले.

लोक पांगले. खोलीत आम्ही चौघी उरलो. आवराआवर करताना मुलगी मेणबत्त्या विझवायला वाकली, तर मूर्तीवालीनं तिचा दंड धरला.

"अवं, फुक नोको मारू!"

"का, काकू?"

"हळद-कुंकू लागलं ना. आता ते दिवे हायेत. दिव्यावर फुक मारतेत काय?"

"वाढदिवसाला केकवरच्या विझवता की."

"त्या केकवरच्या. ह्या देवाच्या."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी झाडू हातात घेतला. माझ्या घरातही दिव्यावर कोणी कधी फुंकर मारली नव्हती. दिवा आपला आपण शांत होऊ द्यायचा. तेलाचा दिवा होतोही. सोयाबीनच्या मेणाची भरलेली मेणबत्ती दोन दोन दिवस जळते, हे आम्हा तिघींना कुठून ठाऊक असणार?

मुलगी म्हणाली, "बरं, राहू दे. इथं राहायचंय तर इथल्यासारखं करू."

ती राहायचंय म्हणाली. मी झाडू मारत होते, थांबले नाही. पण ऐकलं.

आम्ही तिघींनी मिळून मेणबत्त्या मागच्या फळीवर नेऊन ठेवल्या, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. खाली रिकामी खोकी होती, वर कागदाच्या पताका. दुसऱ्या दिवशी बायांना वाटायच्या मेणबत्त्यांसाठी मुलीनं गॅसवर पुन्हा मेण ठेवलं. आणि लाइन आली.

लाइन गेली तेव्हा फॅनचं बटण बोर्डावर बंद करायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तो घर्र करून सुरू झाला. पताका उडाल्या आणि ज्योतीवर आल्या. त्या जळत जळत खोक्यात पडल्या. बाकीचं वर सांगितलं.

सरकारी दवाखान्यात मूर्तीवाली डॉक्टरला सांगत होती की माझ्या हळद-कुंकवानं झालं. चुडीवाली तिला म्हणाली, "गप बस ना वं माय. हळदीनं कोनी जळते काय? पंख्यानं झालं." आणि मग मला, "पंखा भाईजानचा होता. आता त्याले जाऊन कोन बोलीन?"

मला हसू आलं. दवाखान्याच्या बाकावर, पोरगी आत असताना, मी हसले. पाहणाऱ्याला वाटलं असेल म्हातारी वेडी झाली.

हात कोपरापर्यंत भाजला होता. डॉक्टर म्हणाले हात वाचेल, वेळ लागेल. वेळ लागला.

ते दिवस मला चांगले गेले. हे लिहू नये कदाचित, पण खोटं कशाला लिहू? तिला उजव्या हातानं काही करता येत नव्हतं. मी तिला घास भरवायचे. आखडलेले केस कापून बाकीचे मी रोज विंचरायचे. खोबरेल तेल वाटीत कोमट करायचं, टाळूवर घालायचं, भांग पाडायचा, वेणी घालायची. शाळेत असताना ती वेणी घालताना मान एका जागी ठेवायची नाही, मी पाठीत धपाटा घालायचे. आता मान अगदी स्थिर. तेल जिरेपर्यंत आम्ही दोघी ओट्यावर बसायचो. समोर मूर्तीवाला गणपतीचे हात वेगळे करून वाळत घालायचा, ते आम्ही पाहत बसायचो.

एकदा ती म्हणाली, "आई, मी आता हे बंद करते."

"काहून?"

"भीती वाटते."

"मंग करशीन काय?"

"पुण्यात बघते काहीतरी."

मी तिच्या वेणीला रबर लावला. उठले आणि मूर्तीवालीकडे गेले. तिला म्हटलं, "तुया नवऱ्याले सांग, मले मातीच्या टोप्या पाह्यजेत. मेनबत्तीवर झाकायच्या. दिव्यावर फुक मारायची नसन तर झाकन ठेवू. झाकनानं काही पाप लागत नाई ना?"

ती विचारात पडली. मग म्हणाली, "झाकनाचं कोनी काही सांगतलं नाई."

मूर्तीवाल्यानं भाजलेल्या मातीच्या लहान टोप्या करून दिल्या. वरती धरायला बोंड, अगदी गणपतीच्या मुकुटासारखं. पाटीवाल्यानं काळी झालेली खोली आतून चुन्यानं रंगवली. चुडीवालीनं फळीवरचा जळका टेबलफॅन उचलला, भंगारवाल्याला दिला आणि त्याला दोन शिव्या देऊन परत आली. भंगारवाल्याला की फॅनला, ते कळलं नाही. मुलगी बँडेजचा हात गळ्यात अडकवून दारात उभी राहून सगळं पाहत होती. शेवटी म्हणाली, "ती बादली रेतीनं भरून ठेवा. पाण्यानं नाही. आणि गॅस नको, विजेची शेगडी आणू." मी समजले की ती राहते आहे.

मग खोली चालली. शनिवारी संध्याकाळी गल्लीतल्या बाया, कधी कॉलेजच्या पोरी, कधी अनसिंगकडून जीपमध्ये बसून आलेल्या मास्तरणी. सगळ्या टेबलाभोवती बसायच्या. हाताला काम असलं की माणूस जास्त बोलतो, हे मी तिथे पाहिलं. मुलीच्या पेटीत बाटल्या होत्या, गुलाब, मोगरा, आणखी काय काय. पण बायांना दुसरेच वास पाहिजे असायचे. चुडीवालीनं मागितला तिच्या आईच्या लोखंडी पेटीतला वास. मूर्तीवालीला मातीचा म्हटलं तर ती भडकली. "जनम मातीत गेला माया. मले शाळेच्या नव्या पुस्तकाचा वास दे." ती शाळेत फार गेलेली नव्हती. एसटीचा एक रिटायर ड्रायव्हर आला, डिझेलचा वास मिळेल का विचारू लागला. मुलगी म्हणाली, "काका, आता आग पुरे झाली." तेव्हा तोही हसला आणि मोगऱ्याची करून घेऊन गेला. बायको गेली त्याची. मोगरा तिला आवडायचा, जाताना त्यानंच सांगितलं.

मला मुलीनं विचारलं, "आई, तुला कुठला?"

"बिनवासाची दे," मी म्हटलं. माझ्याजवळ तेव्हा सगळं होतं.

संध्याकाळ संपली की सगळ्या मेणबत्त्या एकदम लावायच्या, ज्योत सरळ आहे का पाहायची, आणि मग प्रत्येकीनं आपापल्या मेणबत्तीवर मातीची टोपी ठेवायची. बोलता बोलता सगळ्या गप्प व्हायच्या. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं.

हेच चित्रांच्या क्लासच्या पोरापोरींनी मोबाइलवर घातलं. पुष्कळांनी पाहिलं म्हणे. पुण्यातून दोघा जणांचा फोन आला. त्यांच्याकडे मोठी जागा होती, अशीच खोली त्यांना पाहिजे होती, आणि चालवायला तीच पाहिजे होती. मातीच्या टोप्यांसकट.

ती स्वयंपाकघरात येऊन बसली. मी कणीक भिजवत होते.

"आई, जाऊ का?"

"मले काहून इचारून राह्यली?"

"तुला नाही तर कोणाला विचारू?"

मी कणीक मळत राहिले. ती चाळिशीची आहे. तिचा हात बरा झाला होता. वाकत होता, धरत होता, केस आता ती स्वतःच विंचरत होती. मी राहा म्हटलं असतं तर ती राहिली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग दर शनिवारी मेण ओतताना तिनं दाराकडे पाहिलं असतं, आणि मी तिला पाहताना पाहिलं असतं.

"जाय," मी म्हटलं. "इथलं आमाले येते आता."

"खरंच?"

"एक डाव सांगतलं ना."

ट्रॅव्हल्सच्या गाडीवर सोडायला तिघीही गेलो. मूर्तीवालीनं बॅगेलाही हळद-कुंकू लावलं. चुडीवालीनं तिच्या चांगल्या हातात लाखेच्या चुड्या घातल्या. भाजलेल्या हाताकडे पाहून म्हणाली, "ह्या हाताच्या पुढच्या वख्ताले." गाडी सुटली. मूर्तीवाली रडली. घरी आल्यावर मी परात घासली, पुसली, आणि माळ्यावर न ठेवता स्वयंपाकाच्या ओट्याखाली ठेवली. तिथून ती रोज पायाला लागते.

खोली चालू आहे. शनिवारी आम्हीच उघडतो. मेण पुण्याहून येतं, मुलगी पाठवते. मोबाइलवर ती तिकडची खोली दाखवते. मोठी आहे, दिवे आहेत, पोरी एप्रन घालून बसतात. ती भांडं उचलते तेव्हा हातावरचा डाग दिसतो. मग रेंज जाते.

आता मी माझ्या मेणबत्तीत वास घालते. वाटीत खोबरेल तेल कोमट करून मेणात ओतते. मुलीनं सांगितलं होतं की तेल जास्त झालं तर मेण धरत नाही. धरत नाहीच. मेणबत्ती मऊ राहते, मधोमध खचते, वात एका बाजूला कलते. चुडीवाली म्हणते, "भाबी, तुयी मेनबत्ती कधी सुदरनार नाई." मी लावते. तेल तापून वास आला की सगळ्यांच्या आधी टोपी ठेवून देते. टोपीखाली थोडा वेळ वास राहतो.

त्या दिवशी आग लागली तेव्हा खोलीत आम्ही चौघी होतो. मी, चुडीवाली, मूर्तीवाली आणि माझी मुलगी. चौघीही वाचलो. तिघी वाशिमला आहोत.